ओढ्याचा 'ओ' खाणारा लेझर कीबोर्ड

बेळगावच्या शहापुरात माझं डीटीपीचं दुकान. आठवड्यातून दोनदा खानापूरकडच्या गावांत जाऊन कागद टाइप करून देतो. वाटणीचा कच्चा मसुदा घरातल्या जाणत्यांना मराठीतच वाचून दाखवावा लागतो, पक्का कागद मग कन्नडमध्ये होतो. बरोबर विंडोजचा दहा इंची टॅब असतो. एसटीच्या गर्दीत त्याच्या जोडीला लांबलचक कीबोर्ड कोण सांभाळणार, म्हणून तीन हजार घालून हा लेझर कीबोर्ड मागवला. काडेपेटीहून जरा मोठी डबी. टेबलावर उभी केली की समोर लाल रेघांचा कीबोर्ड उमटतो.

पहिल्याच रात्री लाईट गेली. अंधारात ती लाल अक्षरं बघायला गल्लीतली पोरं जमली आणि पैसे वसूल झाल्यासारखे वाटले. २००९ मध्ये एमआयटीत शिकणाऱ्या प्रणव मिस्त्रीने गळ्यात प्रोजेक्टर आणि कॅमेरा अडकवून, बोटांना रंगीत टोपणं लावून तळहातावर फोनचे आकडे उमटवून दाखवले होते. तेव्हापासून असलं काहीतरी आपल्याकडे असावं असं डोक्यात होतं. खरं त्याने हातावर एक नंबर फिरवला होता, मला अख्खं वाटणीपत्र टाइप करायचं होतं.

लाल चित्र नुसतं दिसण्यापुरतं. काम करतो तो टेबलाला लागून पसरलेला, डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेडचा पातळ थर. बोट त्यात शिरलं की त्यावरून उजेड परततो, डबीतला कॅमेरा तो टिपतो आणि बोट कुठे पडलं त्यावरून अक्षर ठरतं. म्हणजे डबीकडच्या बोटाच्या आड दुसरं बोट आलं, की ते कॅमेऱ्याच्या लेखी नाहीच. इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे मराठी टायपिंगच्या ठरलेल्या मांडणीत, 'ओ' काढायला मी डावी शिफ्ट धरून इंग्रजी 'A'चं बटण दाबतो; शिफ्ट लागली नाही तर नुसता काना-मात्रा उमटतो. ते बोट नेमकं शिफ्टच्या वाटेत येतं. चतुःसीमा घालताना 'पूर्वेस ओढा' लिहायला गेलो, तर ठिपक्यांच्या रिकाम्या गोलाला लटकलेला काना-मात्रा आणि पुढे 'ढा'. सहा वेळा तेच. घरचे आजोबा चष्मा सरकवत म्हणाले, "काय मास्तर, ओढा आटला की काय?"

शिवाय बोटं टेकवायची सोय नाही. आम्हा टायपिंग शिकलेल्यांची बोटं मधल्या ओळीवर विसावलेली असतात. इथे टेकलं की अक्षर पडलंच. अर्ध्या तासात लाकडावर आपटून बोटांची टोकं दुखायला लागतात. व्हरांड्यात ऊन आलं की रेघा दिसेनाशा होतात, आणि उन्हातही इन्फ्रारेड असल्यामुळे कॅमेराही गांगरतो. हॉटेलातल्या काचेच्या टेबलावर तर लाल उजेड काचेतून पार जाऊन माझ्या पँटीवर पडला.

चांगलं एकच. चहा सांडला तर फडक्याने पुसायचं.

छातीवर लावून तळहातावर हिरवी अक्षरं पाडणारी ह्युमेन या अमेरिकी कंपनीची पिन २०२४ मध्ये ६९९ डॉलरला आली आणि २०२५च्या फेब्रुवारीत बंद झाली. ते वाचून माझे तीन हजार जरा हलके वाटले.

आता पिशवीत चारशे रुपयांचा वायरवाला कीबोर्ड असतो, रेनकोटात गुंडाळून. डबी परत द्यायची मुदत सात दिवसांची होती, मी नवव्या दिवशी ताळ्यावर आलो. कुणाला हवी असेल तर अर्ध्या किमतीत न्या. घरी काचेचं टेबल असेल तर मात्र येऊ नका.