रविवर्मांच्या छापांची फ्रेम: काम चोख, ‘ओरिजिनल’चा कप्पा मात्र जपून

नारायण पेठेतल्या या फ्रेमवाल्याकडे दोन कामं होतात. आजीच्या देवघरातला जुना छाप नव्याने मढवून मिळतो आणि आतल्या कपाटातले ‘ओरिजिनल रविवर्मा’ विकत मिळतात. पहिल्या कामासाठी डोळे मिटून जा. दुसऱ्यासाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात घालून जा.

कपाटात खरे ओलिओग्राफ (तैलचित्रासारखे दिसणारे, दगडावरून छापलेले जुने रंगीत छाप) आणि अलीकडचे, आधुनिक यंत्रावरचे ऑफसेट छाप एकाच गठ्ठ्यात आहेत, किमतीतही फारसा फरक नाही. भिंग लक्ष्मीच्या गालावर धरा. चार रंगांचे एकसारखे ठिपके पाकळ्यांसारखे गोलात बसलेले दिसले, तर तो ऑफसेट. शिळाप्रेसवर रंगागणिक वेगळा दगड आणि त्यावरचे ठिपके हाताने काढलेले, त्यामुळे ते लहानमोठे, विस्कळीत असतात. ओठाच्या किंवा दागिन्याच्या कडेला एखादा रंग केसभर सरकलेलाही सापडतो. इथे तो दोष नव्हे, खूण समजायची. वरच्या व्हार्निशचा पिवळेपणा पाहून भुलू नका, तो आजही चढवता येतो.

‘रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा’ ही तळाची ओळ दाखवून भाव वाढवला जातो, तिथेही थांबा. प्रेस 1894 मध्ये मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलला आणि मग रविवर्मांनी तो आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशरला, विकून टाकला. चित्रकार 1906 मध्ये गेले, छपाई त्यानंतरही कैक वर्षं चालू राहिली, आणि त्यात इतरांची चित्रंही होती. म्हणजे ओळीवरून छापखाना कळतो, चित्रकार नाही. तरीही ती ओळ असलेला समास कापलेला छाप घेऊ नये. ‘फ्रेममध्ये बसेना’ म्हणून पूर्वी सर्रास कापत.

मढवण्याचं काम मात्र बघण्यासारखं. जुन्या फ्रेमा उघडल्या की मागे तपकिरी हार्डबोर्ड निघतो. त्यातलं आम्ल कागदात उतरतं, म्हणून कडा बिस्किटासारख्या तुटतात. इथे तो काढून आम्लविरहित माउंट, म्हणजे छापाला आधार देणारा पुठ्ठा, घालतात, आणि छाप फक्त वरच्या कडेला, गव्हाच्या खळीने लावलेल्या जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांवर टांगतात. फेव्हिकॉल नाही, मास्किंग टेप नाही. काच आणि छाप यांत 4-5 मिलिमीटरची पोकळी ठेवतात. ही पोकळी नसेल तर पुण्याच्या पावसाळ्यात व्हार्निश काचेला चिकटतं आणि काच उचलताना देवीचा चेहरा तिच्याबरोबर येतो. जरी-टिकलीचं काम असलेल्या छापाला ती आणखी वाढवून मागा, नाहीतर टिकल्या दबतात.

पट्टीचा भाव फुटावर, माउंट आणि काच वेगळी. तिन्ही आकडे आधी लिहून घ्या. सागवानी पट्टी सुचवतील ती घ्यावी, सोनेरी फायबरची नको. पावती मिळते, पण तीवर छापाचं वर्णन स्वतः आग्रहाने लिहवून घ्यावं लागतं.

एकच तक्रार: ‘जरा उजळवून देतो’ म्हणत ओल्या कापडाने पुसायला घेतात. तिथेच हात धरा. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकून घ्या, एवढंच.