सुपर मीटिओर 650 की हिमालयन 450? थ्री-फिफ्टीवरून वर जाणाऱ्यांसाठी

रॉयल एनफिल्डची थ्री-फिफ्टी, म्हणजे 350 सीसीची बाइक, काही वर्षं चालवून झाली की हायवेला नव्वदच्या पुढे तिचा दम संपतोय हे जाणवायला लागतं, मागून एखादी इनोव्हा डिपर मारत येते, आपण निमूटपणे डावीकडे सरकतो आणि मग रात्री यूट्यूबवर रिव्ह्यू बघणं सुरू होतं. माझ्या ओळखीतले बरेच जण असे फिरत फिरत शेवटी रॉयल एनफिल्डच्याच सुपर मीटिओर 650 आणि हिमालयन 450 या दोन गाड्यांपाशी येऊन अडकलेत, मीही तिथेच अडकलो होतो. तसं बघायला गेलं तर तुलनाच विचित्र आहे, सुपर मीटिओर क्रूझर, म्हणजे सरळ रस्त्यावर आरामात पळणारी, आणि हिमालयन अ‍ॅडव्हेंचर, म्हणजे खराब रस्त्यांसाठी बनवलेली, पण पैसे एकाच खिशातून जाणार आणि गाडी एकच घेणार म्हटल्यावर तुलना करावीच लागते. दोघींच्या किमतीत साधारण लाखभराचा फरक आहे हे धरून चालू. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीच्या वरच्या सगळ्याच बाइकना 40 टक्के जीएसटी लागतो, त्यामुळे कुठलीही घेतली तरी सरकारचा वाटा ठरलेला.

स्पेक्स तुम्ही एव्हाना पाठच केले असणार, ते सोडून देतो. माझ्याकडे आता हिमालयन आहे आणि मित्राकडे सुपर मीटिओर सेलेस्टियल, म्हणजे तिचं वरचं व्हेरिएंट, आहे, आमच्यात गाड्यांची अदलाबदल सुरूच असते, त्यामुळे दोन्ही गाड्या बऱ्यापैकी चालवून झाल्यात. पुढे लिहितोय तो माझा अनुभव, तुमचा वेगळा असू शकतो.

आधी सुपर मीटिओरचं कौतुक, कारण ते करायलाच पाहिजे. पुण्याहून सकाळी लवकर निघून सातारा, कोल्हापूर, निपाणी, बेळगाव असा सरळ रस्ता असेल तर ही गाडी म्हणजे सुख आहे. 648 सीसीचं ट्विन, म्हणजे दोन सिलेंडरचं इंजिन, शंभर-एकशेदहाला इतकं शांत असतं की मीटर बघितल्याशिवाय स्पीड कळत नाही, पाचव्या-सहाव्या गिअरला नुसता थ्रॉटल पिळला तरी ट्रक मागे पडतो, गिअर पाडायची गरज नाही. खंबाटकीचा चढ तर येतो कधी आणि जातो कधी. हिमालयनचं तसं नाही. 452 सीसीचं एकाच सिलेंडरचं इंजिन आहे, तीन-साडेतीन हजार आरपीएमच्या खाली ते जरा कुरकुरतं, आणि खरी मजा त्याच्या वर सुरू होते. थ्री-फिफ्टीवर धकधक करत टॉप गिअरला रमतगमत घाट चढायची सवय असेल तर सुरुवातीचे काही दिवस चुकल्यासारखं वाटेल, हिला घाटात गिअर पाडून पळवावं लागतं. शंभरच्या पुढे हँडलला आणि फुटपेगला थोडी झिणझिण येते, मला चालते, मित्राला अजिबात चालत नाही.

म्हणजे हायवेचा निकाल लागला म्हणायचा. पण थांबा, कुठला हायवे? मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर आपल्याला प्रवेश नाही, समृद्धीवर नाही, अटल सेतूवर नाही. मोकळं, सरळ, गुळगुळीत काँक्रीट जिथे जिथे आहे आणि जिथे क्रूझर खुलते तिथे तिथे दुचाकीला बंदी, मग आपल्या वाट्याला उरतो जुना हायवे, खंडाळ्याचा घाट, ताम्हिणी, आंबोली, आणि मुंबई-गोव्याच्या रस्त्यावर माणगाव-इंदापूरच्या बाजूची डायव्हर्जनं. बेळगावच्या दिशेला नेहमी जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांना पुणे-बेळगावचा एनएच 48 आहे. मी मात्र सुट्टी मिळाली की कोकणात पळणारा माणूस, आणि माझ्यासारखे पुण्या-मुंबईत कमी नाहीत.

कोकणच्या रस्त्यावर दोन आकडे नुसते वाचायचे नसतात, ते पाठीत जाणवतात. सुपर मीटिओरचं मागचं सस्पेन्शन 101 मिलिमीटर खाली-वर होतं, हिमालयनचं 200. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून किती वर, 135 आणि 230. गावोगावच्या हौशी लोकांनी आपापल्या दारासमोर बांधलेले सिमेंटचे स्पीडब्रेकर असतात ना, मित्राच्या गाडीवर मागे माणूस आणि बॅगा असल्या की ते तिरके घ्यावे लागतात, नाहीतर पोटाला घासल्याचा आवाज येतो. हिमालयनवर मी ते मोजणं सोडून दिलंय.

मागे बसणाऱ्या माणसाचं मत यात घ्यायलाच हवं, आणि इथे प्रकरण सरळ नाही. सुपर मीटिओरवर बसणं सोपं, सीट खाली आहे, साडी असो, सलवार असो, पाय टाकला की झालं. सेलेस्टियलला मागे टेकायला बॅकरेस्ट येतो, सीटही रुंद. हिमालयनवर चढायचं म्हणजे आधी डाव्या फुटरेस्टवर उभं राहायचं, माझ्या खांद्याचा आधार घ्यायचा आणि मग पलीकडे पाय टाकायचा, त्यात मागे बॅग बांधलेली असेल तर आमच्या घरी दोन शब्द ऐकायला मिळतात. पण चिपळूणच्या पुढे गेलो की हीच बाई म्हणते हिमालयन बरी, कारण खड्ड्याचा दणका सुपर मीटिओरवर आधी मागच्याला बसतो. तिचा निकाल असा आहे की कोल्हापूरपर्यंत ती गाडी आणि घाट उतरला की ही गाडी. तसं कोणी भाड्याने देत असेल तर कळवा.

आता मुद्द्याचं बोलतो, ज्यावर माझं ठरलं. कुठल्याही रिव्ह्यूमध्ये याबद्दल कोणी फारसं बोलत नाही कारण रिव्ह्यूवाले गाडी कंपनीकडून घेतात, लोणावळ्याला जाऊन ड्रोन उडवतात आणि परत करतात. गाडी रोज लावायची कुठे आणि काढायची कशी? आमची सोसायटी जुनी, पार्किंग रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली, उतारावरून आत जायचं, दोन खांबांच्या मध्ये माझी जागा, समोर भिंत, बाजूला काकांची वॅगनआर जी ते झाकण घालून ठेवतात आणि आरसा लागला तर आठवडाभर बोलत नाहीत. आत गाडी वळवायला जागाच नाही. म्हणजे रात्री तोंड भिंतीकडे करून लावायची आणि सकाळी मागच्या मागे, चढावर, ढकलत बाहेर काढायची. पुण्या-मुंबईतल्या किती लोकांची हीच अवस्था आहे ते तुम्हीच बघा.

सुपर मीटिओर 241 किलो, हिमालयन 196. कागदावर हा फरक 45 किलोचा आहे, ऐकायला फार वाटत नाही. घरातला भरलेला गॅस सिलेंडर साधारण तीस किलोचा असतो, असे दीड सिलेंडर गाडीवर ठेवून ती चढावर उलटी ढकला. मित्राची गाडी माझ्याकडे राहिली तेव्हा मी हे केलंय. पहिल्या दिवशी हौस होती, निघालो. नंतर नंतर असं व्हायला लागलं की रविवारी सकाळी सहाला उठायचो, चहा व्हायचा, हेल्मेट हातात घ्यायचो आणि मनात यायचं की आता वॉचमनला उठवायचं, तो मागून ओढणार, मी हँडल धरून रेटणार, तेवढ्यात घाम फुटणार, जाऊ दे, कारने जाऊ किंवा नकोच जायला. चार लाखांच्या वरची गाडी खाली उभी आणि आपण वर दुसरा चहा पितोय. हे मला फार खटकलं. हिमालयन मी एकटा काढतो. दमतो, नाही असं नाही, पण वॉचमनला हाक मारावी लागत नाही.

यावर सुपर मीटिओरवाले लगेच म्हणतील की सीट 740 मिलिमीटर आहे, दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतात, वजन खाली आहे त्यामुळे जाणवत नाही. सपाट जमिनीवर हे शंभर टक्के खरं आहे, मीही मान्य करतो. सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये, पेट्रोल पंपाच्या रांगेत ती गाडी उलट हिमालयनपेक्षा हलकी वाटते, कारण माझी उंची पाच फूट सहा इंच आणि हिमालयनची सीट 825, माझे चवडे टेकतात, टाचा नाही. पण उलटा चढ आला की बसून रेटण्यात दम नसतो, खाली उतरून बाजूने ढकलावंच लागतं, आणि तुम्ही खाली उतरलात की सीट किती खाली आहे याचा काय उपयोग? तिथे फक्त किलो मोजले जातात.

आणि हे नुसतं घरच्या पार्किंगपुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. कोकणात होमस्टे म्हणजे रस्ता वर, घर खाली, मध्ये जांभ्याच्या दगडाचा नाहीतर कोब्याचा उतार, पावसाळ्यात त्यावर शेवाळ. वेळणेश्वर म्हणा, अंजर्ले म्हणा, रात्री अंधारात मालक बॅटरी दाखवतो, या या खाली घ्या म्हणतो, खाली जायला काही लागत नाही, सकाळी मागे घेताना कळतं. दाभोळ-धोपावे किंवा आगरदांडा-दिघीच्या फेरीबोटीत लोखंडी पत्रा ओला असतो, आधी बाइका लावा, जरा कोपऱ्यात सरकवा, अजून सरकवा असं तो पोरगा ओरडत असतो. घाटात टपरी दिसली म्हणून खडीवर थांबलो आणि चाक उताराकडे तोंड करून राहिलं तर चहापेक्षा परत कसं निघायचं याचाच विचार डोक्यात. या सगळ्या जागी ते 45 किलो कमी असणं मला शंभरच्या स्पीडला झिणझिण नसण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटलं.

हिमालयनची दुखणीही सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलंय. उंची सांगितलीच, पाच-पाचच्या आतले असाल तर लो सीट मिळते, ती लावून बघितल्याशिवाय निर्णय नको. दुसरं ट्यूब. 2023 च्या शेवटी गाडी आली तेव्हा स्पोकची चाकं आणि आत ट्यूब असंच मिळायचं, माझी त्यातलीच. ट्यूबवाल्याचं मागचं चाक पंक्चर झालं की चाक खोलणं आलं, आणि दापोलीच्या पुढे संध्याकाळी सातनंतर पंक्चरवाला शोधणं काय असतं ते ज्याचं त्याला माहीत. सुपर मीटिओरला अलॉय आणि ट्यूबलेस, प्लग मारला, हवा भरली, निघाला. मित्र हे मला दर वेळी ऐकवतो आणि त्याचं बरोबर आहे. नंतर हिमालयनला ट्यूबलेस स्पोकचा पर्याय आला, आज घेणाऱ्याने थोडे जास्त पैसे जातात म्हणून तो सोडू नये.

बाकी किरकोळ. टाकी हिमालयनची 17 लिटर आणि सुपर मीटिओरची 15.7, त्यात हिमालयन मला लिटरला तीस किलोमीटरच्या आसपास देते आणि मित्राची पंचविशीच्या आगेमागे, म्हणजे पंपांची चिंता हिमालयनवर कमी. हिमालयनच्या गोल स्क्रीनवर पूर्ण गूगल मॅप दिसतो ते भारी आहे, पण मोबाइल चालू लागतो, चार्जिंगची सोय करून घ्या. आवाज आणि रुबाब सुपर मीटिओरचा, त्यात वादच नाही, टोलनाक्यावर लोक तिच्याकडे बघतात, माझ्या गाडीकडे बघून विचारतात की लडाखला गेलात का. नाही गेलो अजून.

टेस्ट राइडला शोरूमवाले मागे एक पोरगा बसवून आसपासच्या रस्त्यावर एक चक्कर मारून आणतात, त्यात यातलं काहीही कळत नाही. जरा गोड बोलून गाडी घरापर्यंत नेऊ द्या म्हणा, बरेचदा ऐकतात. तुमच्या नेहमीच्या जागी लावा, इंजिन बंद, आणि कोणाची मदत न घेता परत बाहेर काढून बघा. मागे बसणारं माणूस तेव्हा घरी असेल तर त्यालाही खाली बोलवा, चढता येतंय का ते त्यालाच ठरवू दे. पार्किंग सपाट असेल आणि जाणं-येणं बेळगाव-हुबळीकडेच जास्त असेल तर माझं ऐकू नका, सेलेस्टियल घ्या.