हात तर दिसतोच आहे, तपासायचं काय?

माझ्या धाकट्या भावाचा उजवा हात दोन वर्षांपूर्वी कडबाकुट्टीच्या यंत्रात गेला, मनगटापासून. आम्ही निफाड तालुक्यातले. छाटणी, विरळणी, बागेतली कामं हाच त्याचा रोजगार, आणि कात्री धरायला हातच उरला नाही. वर्षभर तो ओट्यावरसुद्धा बसला नाही, मग दिव्यांगाचा दाखला काढायला कुठे जाणार? ऑक्टोबर २०२५ पासून संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना महिन्याला २,५०० रुपये झाले हे गावात कळलं, तेव्हा तोच म्हणाला, "ताई, चल, कागदं करू." तो स्वतःहून काही मागतोय याचाच मला केवढा आनंद झाला होता.

दिवाळीनंतर आम्ही नाशिकला गेलो. सरकारी दवाखान्यात खिडकीवर विचारलं, तर आधी ऑनलाइन अर्ज करा, मग तपासणीच्या वारी या, असं सांगितलं. बरोबरच सांगितलं होतं. आम्ही बाहेर येऊन चहाच्या गाडीवर थांबलो आणि तिथे तो माणूस भेटला. चाळिशीचा, हातात फायलींचा गठ्ठा, बोलणं अगदी आपुलकीचं. भावाला आधी पाणी दिलं, हात कसा गेला ते विचारलं. दोन वर्षांत परक्या माणसाने एवढं मायेनं विचारलेलं पहिल्यांदाच पाहिलं मी.

मग म्हणाला, "मावशी, नंबर लागायला वर्ष जाईल. आतले लोक माझे आहेत. याचा हात तर दिसतोच आहे, तपासायचं काय त्यात? १२ हजार द्या, महिन्यात दिव्यांगाचं कार्ड घरपोच."

त्या एका वाक्यावर आम्ही फसलो. खरंच वाटलं की हात नाही हे समोर दिसतंय, मग डॉक्टर आणखी काय बघणार? पण डॉक्टर हात आहे की नाही एवढंच बघत नाहीत, अपंगत्व किती टक्के ते मोजतात. ४० टक्के किंवा त्याहून जास्त भरलं तरच निराधारचा महिन्याचा पगार, एसटीची ७५ टक्के सवलत आणि बाकीचं सगळं. माणूस समोर उभा राहिल्याशिवाय हा आकडा कुणालाच लिहिता येत नाही. जो तपासणीशिवाय कार्ड देतो म्हणतो, त्याच्याकडे खरं कार्ड असूच शकत नाही. मुळात दाखला आणि कार्ड दोन्ही फुकट आहेत. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं.

त्याने तिथेच मोबाइलवर अर्ज भरला, पोचपावती दाखवली. आधारचा आणि पासबुकाचा फोटो घेतला. मी बचतगटातून १२ हजार उचलले, शेकडा दोन रुपये व्याजाने, आणि चार दिवसांनी जुन्या सीबीएस बसस्थानकाजवळ रोख दिले. पावती मागितली नाही. एवढ्या प्रेमाने बोलणाऱ्याकडे पावती कशी मागायची, असं वाटलं.

तीन आठवड्यांनी कार्ड आलं. गुळगुळीत, फोटो असलेलं, नंबर छापलेला. भाऊ त्यावर दोनदा नाशिकला जाऊन आला, कंडक्टरनेही काही म्हटलं नाही.

डिसेंबरात निराधारच्या पगाराचा अर्ज द्यायला तहसीलला गेलो. तिथल्या मॅडमनी नंबर कॉम्प्युटरवर टाकला आणि आमच्याकडे बघितलं. नंबर दुसऱ्याच जिल्ह्यातल्या कुणाचा तरी निघाला. मग त्यांनी कार्डावर बोट ठेवलं. पट्टी निळी आणि खाली लिहिलेलं ६५ टक्के. निळी पट्टी ८० आणि त्यापुढे असते, ४० ते ८० च्या आत पिवळी, ४० च्या खाली पांढरी. आम्ही ते कार्ड देवापुढे ठेवून पूजा केली होती, पण पट्टीचा रंग कधी बघितला नव्हता.

भाऊ तिथेच थरथरायला लागला. कुणीतरी बोललं की खोट्या कागदावर दिव्यांगांचा लाभ घेतला तर शिक्षा आहे. ते खरं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या कलम ९१ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. घरी आल्यावर तो म्हणाला, कार्ड जाळून टाकू, कुणाला सांगू नकोस. हे दलाल याच भीतीवर जगतात. ज्याचा हात खरंच गेलाय तोच चोरासारखा लपतो आणि दलाल दुसऱ्या गाडीवर चहा पितो. मी कार्ड जाळू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ते घेऊन पोलिसांत गेलो, आमची फसवणूक झाली असा लेखी अर्ज दिला, त्याची शिक्का मारलेली प्रत घेतली. त्या माणसाचा फोन तेव्हापासून बंद आहे.

पुढचा त्रास कल्पनेत नव्हता. खरा अर्ज भरायला बसलो, तर याच आधारवर अर्ज आधीच झालेला. त्याने अर्धवट भरून ठेवलेला आणि मोबाइल नंबर स्वतःचा टाकलेला. ओटीपी जाणार बंद फोनवर. तो नंबर बदलून घ्यायला नाशिकच्या चार खेपा झाल्या. म्हणून सांगते, अर्ज कुणाकडूनही भरून घ्या, पण नंबर आपल्याच घरातला टाका आणि ओटीपी आपल्याच फोनवर येऊ द्या. बँकेच्या कामाचा ओटीपी तर कुणालाच सांगू नका.

तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी त्याला कोपर वाकवायला, मनगटाच्या वरचा भाग फिरवायला लावलं, बराच वेळ घेऊन मोजलं. भाऊ बाहेर येऊन म्हणाला, "ताई, यांनी नीट बघितलं गं." एक रुपया लागला नाही.

आता त्याच्याकडे पिवळ्या पट्टीचं कार्ड आहे. पगाराचा अर्ज तहसीलला दिलाय. बचतगटाचे अजून पाच हप्ते बाकी आहेत.