जीपीएस सायकल कॉम्प्युटर: पावसाळा, घाट आणि बीआरएम झाल्यावर

उन्हाळा संपता संपता हँडलवर बसवलेलं यंत्र दिवाळीनंतरही रोज वापरात आहे. मध्यम किमतीचं, बटणांवर चालणारं, आतच नकाशा आणि बॅरोमीटर असलेलं. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली लिहिलेलं बहुतेक सगळं या वर्गातल्या कुठल्याही यंत्राला लागू पडतं. अंतर आणि रस्ता या दोन बाबतींत ते चोख आहे. उंची आणि चढाच्या टक्केवारीवर मात्र डोळे झाकून विसंबू नये, पावसाळ्यात तर नाहीच.

आधी अंतराचं. नुसत्या जीपीएसवर सपाट, मोकळ्या रस्त्यावर काही अडत नाही. घाटात दाट झाडी आणि एका बाजूला कडा असला की वेगाचा आकडा नाचायला लागतो, बोगद्यात तर सिग्नलच जातो. म्हणून हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, लावायचा स्पीड सेन्सर घ्यावाच. तो चाकाच्या घेरावर चालतो: 700×25 टायरला 2105 मिलिमीटर, 700×28 ला 2136. हे तक्त्यातले आकडे झाले. हवा किती आणि वजन किती यावर खरा घेर थोडा कमी भरतो. मोजायची पद्धत सोपी आहे. नेहमीची हवा भरायची, व्हॉल्व्ह तळाशी आणून फरशीवर खडूची खूण करायची, सायकलवर बसून कुणाला तरी धरायला लावून चाक सरळ रेषेत तीन फेरे पुढे न्यायचं, पुन्हा खूण करून अंतर तिनाने भागायचं. 25 चा टायर असताना 28 चा आकडा राहिला तर चूक दीड टक्क्याची होते, म्हणजे 200 किलोमीटरला जवळपास 3 किलोमीटर जास्त दिसतात. बीआरएममध्ये (ठरलेल्या मार्गाने, ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राईड) कंट्रोल पॉइंट, म्हणजे वाटेत नोंद करायची जागा, 2 किलोमीटर आधीच यायला हवा होता असं वाटून माणूस मागे वळतो तो अशाच वेळी. यंत्र जीपीएसवरून सेन्सरसाठी घेर आपोआप ठरवतं खरं, पण ते कॅलिब्रेशन मोकळ्या, सरळ रस्त्यावर होऊ द्यावं.

रेकॉर्डिंग ‘स्मार्ट’वर ठेवू नका, दर सेकंदाला करा. स्मार्टमध्ये यंत्र मधले बिंदू गाळतं. उतारावर ताशी 40 च्या वेगाने सेकंदाला 11 मीटर जातात. त्यात बिंदू गाळले की पसरणी घाटाची वळणं नकाशावर कात्रीने कापल्यासारखी दिसतात.

आता उंची. बॅरोमीटर हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंची काढतो. पुण्याच्या उंचीवर दाबातला 1 हेक्टोपास्कलचा (दाब मोजायचं एकक) फरक म्हणजे उंचीत साधारण 9 मीटर. आपल्याकडे आकाश निरभ्र असलं तरी दाब दिवसभरात वरखाली होतो: सकाळी 10 च्या सुमारास सगळ्यात जास्त, दुपारी 4 च्या सुमारास कमी, आणि फरक 3 हेक्टोपास्कलच्या आसपास. त्यामुळे सकाळी 10 ला निघून 4 ला परत आलं की घराचं दार 25-30 मीटर वर गेलेलं दिसतं. यंत्र बिघडलेलं नसतं, दाब उतरलेला असतो. निघताना उंची हाताने भरली तर सुरुवात तरी बरोबर होते. त्यासाठी सगळ्यात सोयीचा संदर्भ म्हणजे रेल्वे स्टेशनची पिवळी पाटी. तिच्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. घराजवळच्या स्टेशनची उंची यंत्रात ‘लोकेशन’ म्हणून साठवून ठेवली की तिथून निघताना ते आपोआप दुरुस्ती करतं.

पावसात वेगळीच गंमत. खालच्या बाजूला बारीक छिद्र असतं, त्यातून हवा आत जाते. त्यावर पाण्याचा थेंब बसला की आतला दाब अडकतो. ताम्हिणीत धो धो पावसात चढताना याचा नमुना पाहायला मिळतो: एक किलोमीटर चढूनही उंची तेवढीच, चढ 0 टक्के, मग थेंब सुटतो आणि उंची एकदम 30 मीटरने उडी मारते, स्क्रीनवर 22 टक्के चढ झळकतो. उपाय म्हणजे यंत्र काढून छिद्र खाली धरून झटकणं. घरी आल्यावर साध्या पाण्याने धुऊन वाळवावं, कारण घामातलं मीठ तिथेच साचतं. सुई किंवा टाचणी अजिबात घालू नये, आतला पडदा फाटतो.

चढाचं चित्र दाखवणारा स्क्रीन याहून फसवा. त्यातली पुढच्या चढाची टक्केवारी बॅरोमीटरवरून येत नाही, रूटच्या फाइलमधल्या उंचीवरून येते. ती उंची उपग्रहाच्या मोजणीतली, 30 किंवा 90 मीटरच्या चौकटींची, एका चौकटीला एकच उंची. कड्याच्या कुशीतून कापलेल्या रस्त्यावर चौकटीत अर्धा रस्ता आणि अर्धा कडा येतो. मग जिथे प्रत्यक्षात 6-7 टक्के आहे तिथे स्क्रीन लालभडक होऊन 18 दाखवतो, आणि लगेच पुढे उतार. वाई ते पाचगणी अशा एकसलग चढाला ‘किती किलोमीटर उरले’ एवढंच त्यातून घ्यावं, ते बरोबर असतं.

रस्ता दाखवण्यासाठी मात्र हे यंत्र पैसे वसूल करतं, पण दोन सेटिंग बदलल्यावरच. पहिलं, रस्ता चुकल्यावर नवा रस्ता शोधण्याची सोय बंद करा. बीआरएममध्ये ठरलेल्याच मार्गाने जावं लागतं. यंत्र मात्र जवळचा रस्ता शोधून शेवटाकडे नेतं आणि मधला कंट्रोल चुकतो. बंद ठेवलं की ते फक्त ‘मार्ग सोडलात’ म्हणून ओरडतं, जे पुरेसं आहे. दुसरं, जायचा-यायचा रस्ता एकच असेल तर रूटचे दोन तुकडे करा, वळायच्या ठिकाणी कापून. एकाच फाइलमध्ये दोन्ही दिशा असल्या की एखाद्या चौकात यंत्र परतीच्या रेषेवर उडी मारतं आणि उरलेलं अंतर 140 वरून 30 वर येतं.

हायवेवर ते गोंधळतं ते सर्व्हिस रोड आणि उड्डाणपुलाच्या जागी. दोन्ही रेषा नकाशावर चिकटून, आणि आपण वर आहोत की खाली हे त्याला कळत नाही. पुण्यात चांदणी चौकात ते बीप करत राहतं. तिथे स्क्रीनकडे नाही, पाट्यांकडे बघा. रूट बनवताना ‘सायकल’ हा पर्याय निवडला तरी प्रत्येक हायवेचा तुकडा झूम करून तपासा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, तिकडे चुकून गेलेली रेषा घरीच सापडलेली बरी. पावसाळ्यात वरंधा घाट दरडींमुळे बंद असतो, हेही नकाशाला ठाऊक नसतं.

ऑटो-पॉज बंद. स्पीड सेन्सर नसेल तर 4-5 च्या वेगाने चढताना यंत्र आपण थांबलो असं समजतं आणि घड्याळ अडकवतं. शिवाय बीआरएमचं घड्याळ चहाला थांबल्यावरही चालूच असतं: 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40. म्हणून मुख्य स्क्रीनवर ‘मूव्हिंग टाइम’ (फक्त चाक फिरत असतानाचा वेळ) नको, एकूण वेळ हवा. त्यासोबत पुढच्या कंट्रोलपर्यंतचं अंतर, आत्ताची वेळ, हृदयाचे ठोके. एवढं बास. आठ-दहा रकाने भरले तर खड्डा दिसत नाही.

बॅटरी खोक्यावर 20 तास. नकाशा सतत समोर, दोन-तीन सेन्सर जोडलेले, रात्रीचा बॅकलाइट, फोनशी ब्लूटूथ एवढं चालू असलं की 13-14 तास मिळतात. 200 निघतं, 300 ला पॉवर बँक लागते. 40 टक्क्यांवर आलं की कंट्रोलवर जेवताना लावावं. पावसात चालवताना चार्ज करू नये, कारण झाकण उघडलं की पाणी आत न जाण्याची हमी संपते. ओल्या पोर्टमध्ये वायर घातली तर पिना काळ्या पडतात. आधी फुंकर, मग रुमाल, मग थोडा वेळ उघडं. बॅकलाइट दिवसा बंदच ठेवा, हा स्क्रीन उन्हात उलट जास्त स्पष्ट दिसतो.

माउंटबद्दल दोन शब्द. पाव फेऱ्यात बसणाऱ्या माउंटचे प्लास्टिकचे कान खराब रस्त्यांवर झिजतात आणि यंत्र खटखट वाजायला लागतं. आवाज आला की माउंटचा आतला भाग बदला आणि सोबत आलेली दोरी न चुकता हँडलला बांधा. टचस्क्रीन आणि बटणं यांत निवड असेल तर आपल्या पावसासाठी बटणंच. थेंब पडले की टचस्क्रीन स्वतःच पानं उलटतो.

किरकोळ तक्रारी: फोनवरचे मराठी मेसेज स्क्रीनवर चौकोन-चौकोन दिसतात. तापमान उन्हात तापलेल्या यंत्राचं असतं, हवेचं नव्हे. ग्रुप राईडच्या सुरुवातीच्या गर्दीत सेन्सर जोडायला गेलं तर शेजाऱ्याच्या छातीचे ठोके आपल्या स्क्रीनवर येतात. जोडणी घरी करावी.

फर्मवेअर (यंत्रातलं सॉफ्टवेअर) अपडेट मोठ्या राईडच्या आठवड्यात नको. नंतर केलं की चाकाचा घेर, रेकॉर्डिंगचा प्रकार आणि ऑटो-पॉज या तीन गोष्टी पुन्हा उघडून बघा. अपडेटनंतर मूळ सेटिंगवर गेलेल्या असू शकतात.