बॅलेची स्कॉलरशिप मिळवून देणारी कन्सल्टन्सी: १८ हजारांचा अनुभव

पाचपैकी दोन स्टार. नाव लिहीत नाही कारण मला भांडण नको, पण लातूर-नांदेड-संभाजीनगरकडचे कुणी पालक अशा जाहिराती बघत असतील तर हे वाचून मग पैसे भरा.

आधी आमचं सांगते. लातूरात राहून पोरीला बॅले, म्हणजे युरोपातला शास्त्रीय नाच, शिकवतो म्हणलं की लोक तोंडाकडं बघत राहतात. इथं नववी लागली की फाउंडेशन बॅच आणि नीट, आमची नववीत आहे आणि रोज संध्याकाळी दोन तास बारला धरून प्लिए (गुडघे वाकवायचा व्यायाम) करते. (सासूबाईंना पहिल्यांदा "ती बारवर प्रॅक्टिस करते" असं सांगितलं तर त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. भिंतीलगतची आडवी दांडी असते हो ती.) क्लास एका कोचिंगच्या वरच्या मजल्यावर, खाली फिजिक्स चालू आणि वर पोरी उड्या मारतात, फरशीवर गुडघे जाऊ नयेत म्हणून मॅडमनी स्वतःच्या खर्चानं प्लायवूड टाकून घेतलंय. त्याच म्हणाल्या की हिचे पाय चांगले आहेत, एखादा उन्हाळा बाहेरच्या शाळेत शिकली पाहिजे, आणि त्याला स्कॉलरशिपा असतात.

मग इन्स्टावर ही कन्सल्टन्सी दिसली, पुण्यात ऑफिस, फी १८ हजार, "शंभर टक्के गाईडन्स". आमचे हे म्हणले बघ बाई, पण मी भरले.

चांगलं आधी. व्हिडिओचं त्यांनी खरंच नीट सांगितलं, कॅमेरा कमरेच्या उंचीवर, पाय-डोकं सगळं फ्रेममध्ये, मधे कट नाही, झालरीचा फ्रॉक नाही साधा लिओटार्ड (अंगाला घट्ट बसणारा नाचाचा कपडा), आधी बारचे व्यायाम मग सेंटरचे, म्हणजे दांडी सोडून मधे उभं राहून करायचे, आणि आराबेस्कचे (एका पायावर उभं राहून दुसरा मागं ताणतात ते) फोटो बाजूनं. आम्ही ते एका मंगल कार्यालयाच्या स्टेजवर सोमवारी सकाळी शूट केलं, लग्न नव्हतं म्हणून फुकट मिळालं. एक स्टार याचाच. दुसरा कन्सल्टन्सीतल्या पोराचा, फोन उचलायचा बिचारा, रात्री दहालाही.

आता बाकीचं. १४ शाळांची पीडीएफ दिली, त्यातल्या निम्म्या १६ वर्षांच्या पुढच्यांसाठी. आमचीला १४ चालू आहे हे फॉर्मवर पहिल्याच ओळीत लिहिलेलं होतं! शेवटी युरोपातल्या एका शाळेच्या तीन आठवड्यांच्या समर इंटेन्सिव्हला (उन्हाळी शिबिराला) सिलेक्शन झालं, "५० टक्के मेरिट स्कॉलरशिप" असं पत्र आलं आणि आम्ही पेढे वाटले, सासूबाईंनीही वाटले. मग ह्यांनी कॅल्क्युलेटर घेतला. सूट फक्त शिकवण्याच्या फीवर. उरलेली निम्मी फी, हॉस्टेल, जेवण, विमान, व्हिसा, इन्शुरन्स, आणि पोरगी लहान म्हणून सोबत एक मोठं माणूस, त्याचंही सगळं, असं करत आकडा चार लाखांच्या वर गेला. आम्ही नाही म्हणून कळवलं. पोरगी रडली नाही, नुस्ती दार लावून बसली.

हे इथवर ठीक होतं, नशीब म्हणून सोडून दिलं असतं. पण नाही म्हणायला मी स्वतः त्या शाळेला मेल केला तर तिथल्या बाईंनी लगेच लिहिलं की तुम्ही बर्सरीचा फॉर्म का नाही भरला, घरच्या उत्पन्नावर मदत मिळते, त्याचा वेगळा फंड आहे, तारीख दीड महिन्यापूर्वी गेली. १८ हजारांत ही एक ओळ आम्हाला कुणी सांगितली नाही. त्या पोराला विचारलं तर म्हणे मॅम ते आमच्या पॅकेजमध्ये येत नाही.

मग मी वाचत बसले. मेरिट स्कॉलरशिप ही पुष्कळदा नुसती फीतली सूट असते, दिवाळीच्या सेलसारखी, त्यात कुणी खिशातून पैसे घातलेले असतीलच असं नाही. एन्डोमेंट वेगळं. आमच्या गावच्या देवळाला निजामाच्या काळापासून खिदमतमाश जमीन, वाजंत्री वाजवणाऱ्याचं घर तिच्यावर चालायचं, विकायची नाही, फक्त पीक खायचं. हे तसंच, जमिनीच्या जागी पैसा. कुणी एकदाच मोठी रक्कम देतं, शाळा ती गुंतवते, मुद्दलाला हात न लावता वर्षाला साधारण चार-पाच टक्के काढते आणि त्यातून पोरांची फी भरते. म्हणजे एका पोराची वर्षाला १० लाख फी भरायची तर मागं दोन-अडीच कोटी ठेवलेले पाहिजेत, म्हणून अशा जागा थोड्याच असतात. आणि मुद्दल वाढत नसेल तर काय होतं तेही मला माहितीये, माझ्या शाळेत संस्कृतात पहिल्या येणारीला एका जुन्या सरांच्या नावच्या ठेवीतून ५१ रुपये मिळायचे, मला १९९६ ला मिळाले, मागच्या वर्षी भाचीला मिळाले, ५१च.

बाकी फुकटात सापडलेलं. स्वित्झर्लंडची प्री द लोझान ही स्पर्धा १९७३ पासून चालू आहे, १५ ते १८ वयाच्या पोरांसाठी, आधी व्हिडिओवर निवड, आणि जिंकणाऱ्यांना मोठ्या शाळांत एक वर्ष शिकायची स्कॉलरशिप. फायनलला न पोचलेल्यांनाही तिथं आलेले शाळांचे लोक बघून बोलावतात, हे मला सगळ्यात आवडलं. इंग्लंडच्या सरकारची म्युझिक अँड डान्स स्कीम आहे, उत्पन्न बघून मदत करते, पण तिथंच राहणाऱ्या पोरांना, तरी आमच्या पीडीएफमध्ये ती होती! आपल्याकडं सीसीआरटी या केंद्र सरकारच्या संस्थेची स्कॉलरशिप १० ते १४ वयाला आहे, पण ती आपल्या परंपरेतल्या कलांना, कथक-भरतनाट्यमवाल्यांनी जरूर भरा, बॅलेला नाही.

आणि दिल्लीचा कमल सिंग, ई-रिक्षा चालवणाऱ्याचा मुलगा, २०२० ला लंडनच्या इंग्लिश नॅशनल बॅले स्कूलमध्ये निवडला गेला, तर त्याचे पैसे लोकांकडून ऑनलाइन गोळा करावे लागले, हृतिक रोशननं ३ लाख दिले तेव्हा बातम्या झाल्या. पोरगा गेला याचा आनंदच आहे, पण प्रत्येक पोराला कुठून हृतिक रोशन आणायचा?

यावर्षी कन्सल्टन्सी नाही. त्याच शाळेचा बर्सरी फॉर्म मीच भरलाय. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला मराठीत, तो इंग्रजी करून नोटरी केला, तिथले काका म्हणले बॅले म्हणजे काय, मी मोबाईलवर पोरीचा व्हिडिओ दाखवला तर त्यांनी दोनदा बघितला. शाळेला तीन प्रश्न लिहून विचारले: फी सोडून यात काय-काय येतं, पुढच्या वर्षी परत मिळते का, पैसे फंडातून येतात की फीतली सूट आहे. तिन्हीची उत्तरं दोन दिवसांत आली. सासूबाई काल विचारत होत्या, "काय करूलालीस ग मोबाईलवर एवढं", म्हणलं तारीख बघूलालेय.

दाखल्याच्या इंग्रजी भाषांतराचा नमुना माझ्याकडं आहे, कुणाला हवा असेल तर मागा, पाठवते. १८ हजार घेणार नाही.