मायस्थेनिया ग्रेव्हिस की लँबर्ट-ईटन: थकव्यामागचे दोन वेगळे आजार

जळगाव-धुळ्याकडे दिवसभर कापूस वेचून आलेल्या माणसाचे हातपाय गळाले, तर त्यात कोणाला आजार दिसत नाही आणि टॉनिक व सलाईन यांवर महिने निघून जातात. मात्र मज्जातंतूचा संदेश स्नायूकडे जातो त्या जोडावर शरीराचीच प्रतिकारशक्ती हल्ला करू लागली, तरी सुरुवात अशीच होते. मायस्थेनिया ग्रेव्हिस आणि लँबर्ट-ईटन हे असेच दोन आजार. मुंग्या किंवा बधिरपणा नसताना बळ कमी होत असेल, तर न्यूरॉलॉजिस्टला (मज्जातंतूंच्या डॉक्टरांना) दाखवावे.

मायस्थेनिया ग्रेव्हिसमध्ये बहुधा स्नायूच्या बाजूचे, संदेश झेलणारे रिसेप्टर निकामी होतात. पापणी उतरते, एकाचे दोन दिसते, कळण्याची भाकरी चावताना जबडा अर्ध्यावर थकतो. संध्याकाळी त्रास वाढतो, विश्रांतीने उतरतो. खानदेशातला वैशाखही तो वाढवतो, कारण उष्णतेने ही दुर्बलता बळावते. (रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पापण्या पहाटे अचानक मिटू लागल्या, तर मण्यारचा दंश समजून तत्काळ रुग्णालय गाठावे.)

लँबर्ट-ईटनमध्ये संदेश सोडणाऱ्या टोकावरील कॅल्शियमचे मार्ग अडतात. येथे आधी मांड्या जातात, बाजेवरून उठणे जड होते, तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठता होते. डॉक्टरांच्या हातोडीने गुडघा उडत नाही, पण रुग्णाने दहा सेकंद पाय जोराने ताणल्यावर तोच गुडघा उडू शकतो. निदानासाठी ही खूण मला फार मोलाची वाटते.

रक्तातील अँटीबॉडी आणि मज्जातंतूला वारंवार विद्युत उत्तेजन देऊन केलेली तपासणी यांवरून फरक ठरतो. सर्वांगी मायस्थेनियातही सुमारे १५ टक्के रुग्णांत नेहमीची अँटीबॉडी सापडत नाही, म्हणून एका निगेटिव्ह अहवालावर थांबू नये.

छातीचे सीटी स्कॅन मात्र दोन्हींत टाळू नये, मग खर्चाची कितीही ओढाताण असो. मायस्थेनियात सुमारे १० ते १५ टक्के रुग्णांना छातीतील थायमस ग्रंथीची गाठ असते, तर लँबर्ट-ईटनच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत फुप्फुसाचा स्मॉल सेल कर्करोग दडलेला असतो आणि तो बहुधा बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आढळतो. लँबर्ट-ईटनमध्ये पहिले स्कॅन स्वच्छ आले, तरी पुढील दोन वर्षे ते ठरावीक अंतराने पुन्हा करावे लागते.

मायस्थेनियात पायरिडोस्टिग्मिनने पुष्कळदा आराम पडतो. लँबर्ट-ईटनमध्ये त्याचा उपयोग तोकडा ठरतो आणि ॲमिफॅम्प्रिडिन लागते. मायस्थेनियाच्या रुग्णाने जेंटामायसिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविके घेण्यापूर्वी डॉक्टरांना आपला आजार सांगावा. गिळताना ठसका लागू लागला किंवा दम लागला, तर सकाळची वाट पाहू नये.