तासभर टिकणारी पॉवर: क्रिटिकल पॉवर की घातनियम?

एखाद्या सायकलपटूने पूर्ण जोर लावून ३ मिनिटे सरासरी ४०० वॅट आणि १२ मिनिटे ३१० वॅट काढले, तर तो तासभर किती वॅट टिकवेल? या दोन नोंदींतून क्रिटिकल पॉवर आणि घातनियम ही दोन्ही प्रचलित मॉडेल अगदी अचूक जातात, तरीही पुढे त्यांची उत्तरे जुळत नाहीत.

मोनो आणि शेरर या संशोधकांनी १९६५ मध्ये स्नायूंच्या कामासाठी मांडलेल्या क्रिटिकल पॉवरच्या कल्पनेनुसार खेळाडूची बराच वेळ टिकवता येणारी एक पायाभूत पातळी असते आणि तिच्या वर गेल्यास खर्च होणारा ऊर्जेचा मर्यादित साठा असतो. वरच्या आकड्यांतून ही पातळी २८० वॅट आणि साठा २१.६ किलोज्यूल निघतो; त्यावरून तासासाठी २८६ वॅट मिळतात. घातनियमात मात्र अशी पातळीच नाही, पॉवर वेळेच्या एका ठरावीक घातानुसार बदलते, म्हणजे वेळ वाढेल तशी सतत घसरत जाते, आणि तोच तास २३१ वॅटवर येतो. ५५ वॅटचा हा फरक तासाभराची शर्यत निम्मी होण्याआधीच दम काढणारा ठरू शकतो.

टोकांना क्रिटिकल पॉवर उघडच फसते: ५ सेकंदांसाठी ती ४,६०० वॅट सांगते, जे कोणत्याही माणसाच्या आवाक्यातले नाही, तर घातनियम ७७३ वॅट सांगतो. संशोधक मॉर्टन यांनी १९९६ मध्ये कमाल पॉवर हा तिसरा घटक जोडून हा दोष दूर केला, पण त्यासाठी चाचण्याही अधिक लागतात.

साधारण २ ते २० मिनिटांच्या चढाया आणि मध्ये विश्रांती असलेले इंटरव्हल आखायचे असतील, तर मी क्रिटिकल पॉवरच निवडेन, कारण साठा किती उरला याचा हिशेब तिच्यातच मांडता येतो. तास किंवा त्याहून लांबच्या शर्यतीसाठी घातनियम अधिक सावध आहे, मात्र एखादी लांब चाचणी हाताशी हवीच. २० मिनिटांच्या सरासरीचे ९५ टक्के हीच तासाभराची पॉवर मानण्याची पद्धत सरावाचे झोन, म्हणजे तीव्रतेचे टप्पे, ठरवण्यापुरती चालते. ती साठ्याबद्दल काहीच सांगत नाही.

दोनच चाचण्यांवर कोणतेही मॉडेल बेतू नये, कारण दोन अज्ञात आणि दोन नोंदी असल्या की चूक दिसायला जागाच उरत नाही. वरच्या उदाहरणात ३ मिनिटांची चाचणी आळसामुळे ३९० वॅटवर थांबली असती, तर साठा १९.२ किलोज्यूलवर उतरला असता, आणि क्रिटिकल पॉवर मात्र ३ वॅटने वाढलेली दिसली असती.